चालक बदलून पाहा

दिवा राजमतीला पहिल्यांदा दिसला तो सोमवारी सकाळी, हेरले गाव मागे पडल्यावर. डॅशबोर्डच्या कोपऱ्यात इंजिनाचं छोटं पिवळं चित्र उमटलं आणि तिथंच राहिलं. गाडी चालवणाऱ्या भूपालनं ते पाहिलं, पण पाहिल्याचं दाखवलं नाही.

"हे काय लागलं रे?" तिनं विचारलं.

"लागतंय अधूनमधून."

"कधीपासनं?"

"झाले की आठ-दहा दिवस."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"आपोआप जातंय अक्का. उद्या सकाळी बघ, नसतंय."

पुढच्या बुधवारी गाडीची तपासणी होती. हे भूपालला राजमतीइतकंच माहीत होतं, आणि तरी तो आठ दिवस बोलला नव्हता. कोल्हापूर येईपर्यंत ती त्या दिव्याकडे कमी आणि भावाच्या चेहऱ्याकडे जास्त बघत होती.

राजमती आवटी कुरुंदवाडची. नवरा गेला त्या वर्षी तिनं घरच्या चार म्हशींच्या दुधाची बासुंदी करून विकायला सुरुवात केली आणि धाकटा भाऊ भूपाल सूतगिरणीतली नोकरी सोडून तिच्या हाताशी आला. त्याला वीस वर्षं होऊन गेली. ती आटवायची, तो पोचवायचा. कोल्हापुरातल्या अकरा दुकानांत त्यांचे डबे जात. सोमवारी दुकानदारांना भेटायला ती बरोबर जाई, बाकीचे दिवस तो एकटा.

साल २०४१. रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या बॅटरीवर गेल्या होत्या. डिझेलवर राहिले होते ते ट्रॅक्टर आणि असल्या थंडपेटीच्या गाड्या, कारण भर उन्हात पाच-सहा तास मागची पेटी चार अंशांवर ठेवायची तर परवडणारी बॅटरी निम्म्या वाटेत मान टाकी. या उरलेल्या गाड्यांवर सरकारची नजर बारीक होती. पूर्वी पीयूसी म्हणजे सायलेन्सरमध्ये नळी घालायची, कागद घ्यायचा आणि निघायचं. आता प्रत्येक गाडीच्या पोटात एक मोहोरबंद पेटी होती. तिचं सरकारी नाव कुणाच्या लक्षात राहत नसे. लोक तिला 'नाक' म्हणत.

नाकाचं काम साधं होतं. आत पोस्टाच्या तिकिटाएवढी एक जाळी, जाडी कार्बनच्या एका अणूइतकी. धुरातले कण तिच्यावर टेकले की तिच्यातून जाणारी वीज किंचित कमीजास्त होते, आणि प्रत्येक जातीच्या कणाची तऱ्हा वेगळी. अब्जभर कणांत गंधकाचे दोन-चार असले तरी ती जाळी ओळखत असे. गंधकावर सगळ्यांचं लक्ष असायचं कारण शुद्ध डिझेलमध्ये तो जवळजवळ नसतोच, पण जुने टायर वितळवून काढलेल्या स्वस्त तेलात भरपूर असतो. भेसळ करणाऱ्यांना पकडायचा हा सोपा मार्ग होता. नाकाला गंधक लागला की तो पिवळा दिवा पेटे, आणि दिवा पेटलेला असताना गाडी तपासणीला नेली तर फाटकातूनच परत पाठवत. दिवा आठवडाभर लागत राहिला की गंधकाची एक नोंद; अशा तीन नोंदी झाल्या की परवाना रद्द, वर खटला.

दुपारी परतताना राजमतीनं गाडी जयसिंगपूर रस्त्यावरच्या दस्तगीर पटवेगारच्या गॅरेजला घ्यायला लावली. साठीचा दस्तगीर तिच्या पहिल्या गाडीपासूनचा मेकॅनिक. त्यानं आपली तपासणीची पाटी गाडीला जोडली, चष्मा कपाळावर सारून पडद्यावरचा आकडा वाचला आणि भूपाल चहाच्या गाड्याकडे जाईपर्यंत थांबला.

"गंधक आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "एकदा नोंद पण झालीय. डिझेल कोण भरतं?"

"भूपाल."

"कुठल्या पंपावर?"

"आपल्या नेहमीच्या."

दस्तगीर पाटीची वायर गुंडाळत राहिला. त्याच्या न बोलण्यानंच राजमतीच्या मनात पहिला काटा रुतला.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः पंपावर गेली. पंपावरच्या माणसानं सांगितलं की भूपाल रोज येतो, रोज टाकी भरतो, कधी खाडा नाही. मग तेल पंपावर चांगलं आणि गाडीत वाईट, हे कसं? मधे कुठंतरी काढलं जात असेल, दुसरं घातलं जात असेल. ती तशीच भूपालच्या घरी गेली. तो बाहेर होता. त्याची बायको कांचन गवारीच्या शेंगा मोडत बसली होती.

"यांचं काही बिनसलंय का वन्सं?" राजमतीनं विचारायच्या आधी कांचननंच विचारलं. "रात्रभर गच्चीवर फिरतात. दिवसा बसल्या जागी डोळा लागतो. जेवण निम्म्यावर आलंय. परवा बँकेनं सही परत पाठवली, म्हणाले जुळत नाही. मी बोलले तर अंगावर आले."

"पीत नाही ना?"

कांचनला ते आवडलं नाही. "आपल्या जैनांत कांदा-लसूणसुद्धा नसतो वन्सं. तुम्हाला माहीत नाही काय?"

राजमतीला माहीत होतं. पण ज्याला झोप येत नाही, जेवण जात नाही, सही करताना ज्याचा हात हलतो, त्याच्या मनात काहीतरी असणार, असं तिला वाटलं. आणि घरी जाताना आठवलं ते वेगळंच. जयसिंगपूरच्या एका मोठ्या डेअरीवाल्यानं वर्षभरात दोनदा भूपालला नोकरीचं विचारलं होतं. डेअरीवाल्याला कोल्हापूरची दुकानं हवी होती. राजमतीच्या गाडीचा परवाना गेला तर ती अकरा दुकानं महिन्याभरात त्याच्याकडे जाणार होती. भूपालनं नाही म्हणून सांगितलं होतं. निदान तिला तरी तसं सांगितलं होतं.

बुधवारी तिनं भूपालला सुट्टी दिली. "दोन दिवस विश्रांती घे, थकलेला दिसतोस," एवढंच म्हणाली. तो किल्ली देऊन गेला. तिनं स्वतः डिझेल भरलं, टाकीच्या झाकणाला कुलूप घातलं, किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात ओवली आणि पन्नाशी उलटल्यावर, बऱ्याच वर्षांनी कोल्हापूरपर्यंत गाडी चालवली. बुधवारी दिवा सांगलीफाट्यापर्यंत होता, मग गेला. गुरुवारी दिवसभर लागलाच नाही.

गुरुवारी संध्याकाळी तिनं नाक बनवणाऱ्या कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. एका तरुण मुलीचा आवाज आला. राजमतीनं गाडीचा क्रमांक सांगितला, नोंद सांगितली. पलीकडे कळा दाबल्याचे आवाज आले.

"मॅडम, दुसऱ्या बाजूचा गंधक दिसतोय. अशा वेळी चालक बदलून पाहा."

"म्हणजे?"

"दुसरा चालक ठेवून पाहा. बहुतेक प्रश्न सुटतो."

"अहो, दिवा इंजिनाचा आहे ना? मग चालक कशाला बदलू?"

पलीकडे पुन्हा कळा वाजल्या. "आमच्याकडे सूचना तशीच आहे मॅडम," मुलगी म्हणाली, आणि आणखी काही मदत हवी आहे का असं विचारून तिनं फोन ठेवला.

कंपनीलासुद्धा माहीत होतं तर. चोर चालकच असतो, आणि हे लोक सभ्यपणे बोलायचं म्हणून नाव घेत नाहीत. राजमतीला त्या रात्री झोप लागली नाही.

शुक्रवारी तिनं भूपालला बोलावून घेतलं. टाकीला कुलूप होतं, किल्ली तिच्या गळ्यात. ती त्याच्या शेजारी बसली आणि डोळे डॅशबोर्डवर ठेवले. ऊन फार होतं, काचा वर होत्या. एकदा समोरच्या ट्रॉलीच्या अगदी जवळ जाऊन भूपालनं दचकल्यासारखा ब्रेक दाबला. अर्ध्या तासानं, हातकणंगल्याच्या अलीकडे, पिवळं चित्र उमटलं.

"गाडी बाजूला घे," राजमती म्हणाली.

त्यानं घेतली.

"टाकीला कुलूप आहे. डिझेल मी भरलंय. काल-परवा मी चालवली तर दिवा गेला. तू बसलास आणि लागला. काय करतोस ते सांग."

"काय करतोय म्हणजे?"

"टायरचं तेल कुठनं आणतोस? आधीच आत काही टाकून ठेवलंयस काय? आणि कुणाच्या सांगण्यावरनं?"

भूपालला तिचं बोलणं समजायला वेळ लागला. अलीकडे त्याला सगळ्यालाच वेळ लागत होता. मग त्याचा चेहरा हळूहळू उतरला.

"डेअरीवाल्याच्या म्हणायचंय तुला?"

"गेला होतास का नाहीस त्याच्याकडं?"

"गेलो होतो. एकदा. तोंडावर नाही म्हणून सांगायला गेलो होतो."

"मला कळवलं नाहीस."

"कळवण्यासारखं काय होतं त्यात?" तो थांबला. कपाळावरचा घाम त्यानं बाहीनं पुसला. "अक्का, वीस वर्सं हाय मी तुझ्याबरोबर."

"म्हणूनच विचारते."

त्यानं इंजिन बंद केलं नाही, कारण मागं बासुंदी होती. दार उघडून उतरला आणि रस्ता ओलांडून जयसिंगपूरकडच्या बसथांब्यावर जाऊन उभा राहिला. राजमतीनं हाक मारली नाही. ती चालकाच्या जागेवर सरकली. सीट अजून गरम होती, आणि तिथं एक वास होता. गोडसर, कुबट, बंद पेटाऱ्यात राहिलेल्या ओल्या कापडासारखा. तिनं काच खाली केली आणि कोल्हापूरला निघाली. जाताजाता तिच्या मनात आलं की आता बुधवारी गाडी सहज पास होईल. पण त्या विचारानं तिला जसं हायसं वाटायला हवं होतं, तसं वाटलं नाही.

कसं ते तिला कळलं नव्हतं. कोण ते कळलं होतं, पण कसं? हे तिला गप्प बसू देईना. कुलूप न तोडता टाकीत तेल घालता येत नाही. मग आणखी कुणाचा तरी हात असणार. गाडीच्या आतलं सगळं ज्याला माहीत आहे असा माणूस एकच होता.

शनिवारी सकाळी ती दस्तगीरसमोर उभी राहिली, आणि कुलपाचं, कंपनीच्या फोनचं सांगून तिनं सरळच विचारलं, "दस्तगीरभाई, तुम्ही त्याला काही करून दिलंय का?"

दस्तगीरनं हातातला पाना खाली ठेवला. कापडाला बोटं पुसली.

"राजमतीअक्का, मी तुमच्या चार गाड्या वापरून भंगारात गेलेल्या बघितल्या. आज हे विचारलंत ते विचारलंत. आता गाडी आत घ्या. तुमच्यासमोर बघतो, म्हणजे तुमचा पण संशय जाईल आणि माझा पण."

"तुमचा कुणावर?"

"या पेटीवर. त्या पोरीनं फोनवर 'दुसऱ्या बाजूचा गंधक' म्हटलं म्हणालात ना? मला धुराची एकच बाजू माहीत आहे."

पेटीची मोहोर तोडणं गुन्हा होता, पण पेटीकडे जाणाऱ्या नळ्या बाहेरूनच होत्या. दस्तगीर गाडीखाली झोपला. एक नळी सायलेन्सरकडून येत होती. दुसरी बारीक होती, बोटाच्या पेरापेक्षा लहान, ती पुढं जात होती. तिचा माग काढत तो बाहेर आला, चालकाची बाजू उघडली, स्टिअरिंगखालचं झाकण काढलं. नळीचं तोंड तिथं होतं, चालकाच्या छातीसमोर.

मग त्यानं कंपनीचं जाड पुस्तक काढून एक पान शोधलं आणि राजमतीला समजावलं. कुठलीही गोष्ट मोजायची तर तुलनेला काहीतरी लागतं. धुरात किती घाण आहे हे कळायला शेजारी स्वच्छ हवा हवी. रस्त्यावरची हवा स्वच्छ नसते, म्हणून नाक बनवणाऱ्यांनी केबिनमधली गाळलेली हवा घेतली. ती स्वच्छच असणार असं त्यांनी धरलं. आणि केबिनच्या हवेत गंधक सापडलाच, तर तो धूरच कुठून तरी आत गळतोय असं समजून यंत्र तोही धुराच्याच नावावर टाकतं.

"म्हणजे टाकी चांगली आहे?" राजमतीनं विचारलं.

"टाकी चांगली, इंजिन चांगलं. गंधक बसायच्या जागेत आहे."

त्यांनी केबिन रिकामी केली. चटया, सीटचं कव्हर, कागद, उदबत्तीचा पुडा, सगळं बाहेर. गाडीला जोडलेल्या पाटीवरचा गंधकाचा आकडा पाचवर आला आणि तिथंच थांबला. दस्तगीर विचार करत नळीजवळ वाकला आणि आकडा एकदम तिसावर गेला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"काय खाल्लंत सकाळी?" राजमतीनं विचारलं.

"खिमा." तो ओशाळला. "लसूण बराच होता." त्यानं पुन्हा नळीत फुंकर घातली. तीस. "तुम्ही फुंका बघू."

राजमतीनं फुंकर घातली. सहा.

ती गाडीच्या पायरीवर बसली. तिथूनच तिनं कांचनला फोन केला आणि भूपालला गॅरेजवर पाठव म्हणून सांगितलं. तो येणार नाही असं तिला वाटलं होतं. तो आला, पण तिच्याकडे न बघता दस्तगीरशी बोलला. त्या दिवशी चतुर्दशी होती. भूपालचा उपास होता, कालपासून पोटात उकळून गार केलेल्या पाण्याखेरीज काही नव्हतं.

"यात फुंकर घाल," दस्तगीर म्हणाला.

"कशाला?"

"घाल की."

भूपालनं फुंकर घातली. आकडा वाढत गेला आणि एकशे चाळीसला थांबला. डॅशबोर्डवर पिवळं चित्र उमटलं.

भूपालनं दिव्याकडे पाहिलं, मग पहिल्यांदाच बहिणीकडे पाहिलं. "म्हणजे मीच भेसळीचा," तो म्हणाला.

कुणीच हसलं नाही.

राजमतीच्या डोक्यात फोनवरच्या मुलीचा आवाज आला. चालक बदलून पाहा, बहुतेक प्रश्न सुटतो. 'बहुतेक' हा शब्द तिला आता वेगळाच ऐकू आला. बहुतेक म्हणजे किती जणांच्या बाबतीत? त्यांना ठाऊक होतं. सूचना लिहून ठेवण्याइतकं नीट ठाऊक होतं.

सोमवारी ती भूपालला घेऊन मिरजेला गेली. बसनं गेली. श्वासाचं, झोपेचं आणि सहीचं ऐकून तिथल्या दवाखान्यानं त्यांना डॉक्टर रेवती शिराळकरांकडे धाडलं; त्या यकृताच्या आजारांच्या डॉक्टर. त्यांनी भूपालला झोपेचं विचारलं, जेवणाचं विचारलं, कागदावर एक चांदणी काढायला सांगितली. भूपालनं दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा रेघा जुळल्या नाहीत. राजमतीनं मान वळवली.

रक्ताचे आणि सोनोग्राफीचे निकाल दुपारी आले. यकृत आक्रसलेलं होतं. कावीळ करणारा एक विषाणू त्याच्या अंगात बहुधा लहानपणापासून होता आणि कसलीही चाहूल न देता तीस-चाळीस वर्षं यकृत पोखरत होता.

"दारू नाही ना घेत?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," राजमती भूपालच्या आधी म्हणाली.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं. आतड्यात तयार होणारे गंधकाचे काही पदार्थ निरोगी यकृत जागच्या जागी मोडून टाकतं. यकृत थकलं की ते रक्तात राहतात, फुप्फुसातून श्वासावाटे बाहेर पडतात. जुन्या डॉक्टरांना तो वास माहीत होता, गोडसर, कुबट. पण माणसाच्या नाकाला तो कळेपर्यंत बहुतेकदा फार उशीर झालेला असतो. त्याच न मोडलेल्या पदार्थांपैकी काही मेंदूपर्यंत पोचतात. रात्र दिवस उलटे होतात, हात थरथरतो, सही बदलते, माणूस चिडतो, गोष्ट उशिरा समजते.

"अशा माणसानं सध्या गाडी चालवायची नाही," त्या म्हणाल्या. "पण वेळेत आलात. औषधं आजपासून सुरू करू. विषाणू आटोक्यात येतो, मेंदूवरचा परिणामही उतरतो. सहा महिन्यांनी बघू, मला वाटतं पुन्हा चालवतील. मिरजेला कुणी पाठवलं तुम्हाला?"

"गाडीच्या दिव्यानं," राजमती म्हणाली आणि सगळं सांगितलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "या वर्षात माझ्याकडे चार ड्रायव्हर आले. चौघांनाही मालकांनी भेसळीच्या संशयावरून काढलं होतं. मला तो योगायोग वाटला. चौघेही पोटात पाणी झाल्यावर आले." त्या थांबल्या. "त्यातला एकच आता हयात आहे."

परतीच्या बसमध्ये भूपालला खिडकीची जागा मिळाली. अंकली मागे पडलं.

"मी तुला चोर म्हटलं," राजमती म्हणाली.

"म्हटलंस."

"आता काय करू सांग."

"काय करणार? म्हटलंस ते म्हटलंस." तो बाहेर बघत होता. "आजाराचं मला एवढं वाटलं नाही अक्का. त्या थांब्यावर उभा होतो तेव्हा वाटलं, तू हाक मारशील. गाडी गेली तरी मी अर्धा तास तिथंच उभा होतो."

औषधाची पिशवी राजमतीच्या मांडीवर होती, तिची गाठ ती सोडत आणि बांधत राहिली.

बुधवारी राजमती एकटीच गाडी घेऊन तपासणी केंद्रावर गेली. दिवा विझलेला होता. फाटकातून आत घेतलं. धूर तपासला, हिरवी पट्टी आली. मग खिडकीतल्या कारकुनानं पडदा तिच्याकडे फिरवला.

"गंधकाची जुनी नोंद दिसते. ती बंद करायची तर कारण निवडा."

पडद्यावर तीन कारणं होती. इंधनात भेसळ. दुरुस्ती. चालक बदलला.

"शेवटचं दाबा," कारकून म्हणाला. "सगळे तेच दाबतात. लगेच सुटाल."

तिनं बोट पुढं नेलं. शेवटच्या ओळीखाली बारीक अक्षरात आणखी एक चौकट होती. बदललेल्या चालकाचा लायसन्स क्रमांक.

"हा क्रमांक कशाला?"

"नियम आहे."

"कुठं जातो तो?"

"वर जातो." कारकुनानं खांदे उडवले. "नवीन ड्रायव्हर ठेवताना मालक लोक ऑनलाइन बघतात. कुणावर नोंद आहे, कुणावर नाही. तुमच्यासारख्यांच्या फायद्याचंच आहे ते."

राजमतीनं बोट मागं घेतलं. सहा महिन्यांनी भूपालला पुन्हा चालवता येणार होतं. पण हा क्रमांक एकदा आत गेला की तिच्याखेरीज कुणी त्याला कधी गाडी देणार नव्हतं, आणि कारण विचारायलाही कुणाला सुचणार नव्हतं. ती आज आहे, उद्या नसेल. त्याला वीस वर्षं ओळखून, कुलूप घालून खात्री करून तिनं संशय घेतला होता. आणि तीही चुकली होती.

"दुरुस्ती दाबलं तर?"

"मग गाडी इथं ठेवावी लागेल. पेटी खोलून खात्री करतात. पंधरा दिवस तरी. बाई, पुढच्या आठवड्यात सण आहे. उगाच का अडकताय?"

पंधरा दिवसांत अकरातली निम्मी दुकानं तरी जयसिंगपूरच्या डेअरीकडून माल घ्यायला लागतील, हे तिला दिसत होतं. तिनं 'दुरुस्ती' दाबलं. खाली 'काय दुरुस्त केले' असं विचारलं होतं. तिनं लिहिलं: केबिनमधल्या नळीशी माणूस बसतो. ती नळी कुणाची हवा मोजते ते आधी बघा. कारकुनानं वाचलं, तिच्याकडे संशयानं पाहिलं आणि किल्लीसाठी हात पुढं केला.

ती बाहेर आली तेव्हा फाटकाजवळ एक मासळीची गाडी उभी होती. दिव्यामुळे परत फिरवलेली. चारचौघांत मालक मोठ्यानं बोलत होता, आणि तिशीचा एक सडसडीत ड्रायव्हर गाडीला टेकून ऐकून घेत होता. 'तेल', 'विकून खाल्लंस', 'पोलीस' एवढे शब्द लांबूनही कळत होते. ड्रायव्हर उत्तर देत नव्हता. त्याला उत्तर सुचतच नाही की त्याला ते द्यायचं नाही, हे चेहऱ्यावरून सांगता येत नव्हतं. आठवडाभरापूर्वी राजमतीनं ते आपल्या सोयीनं ठरवून टाकलं असतं.

तिची बस सुटायला दहा मिनिटं होती. ती त्या दोघांकडे गेली.

"भाऊ, याला कामावरनं काढायच्या आधी एकदा मिरजेला दाखवा," ती मालकाला म्हणाली. "खर्च फार नाही. रक्त तपासतात."

मालक बोलायचा थांबला. "तुम्ही कोण?"

"बासुंदीवाली आहे. कुरुंदवाडची."

"याची कोण लागता?"

"कुणी नाही."

"मग कुणी पाठवलं तुम्हाला?" त्याचे डोळे बारीक झाले. "युनियनकडनं आलाय काय? का कंपनीकडनं?"

ड्रायव्हरही तिच्याकडे तशाच नजरेनं बघत होता. त्याच्या दृष्टीनं ती मालकाचीच आणखी एक माणूस होती. राजमतीनं पिशवीतून डॉक्टरांचा कागद काढला, मागच्या कोऱ्या बाजूवर पत्ता आणि फोन लिहिला आणि तो मालकाच्या हातात न देता ड्रायव्हरसमोर धरला. त्यानं घेतला नाही.

"नाव काय तुझं?" तिनं विचारलं.

"सिद्राम."

"सिद्राम, तू तेल विकलं असशील तर हा कागद फेकून दे. नसशील विकलं तर उद्याच जा."

सिद्राम कागदाकडे बघत राहिला. मालक तिच्याकडे बघत होता, कारकून खिडकीतून सगळ्यांकडे. बाहेर रस्त्यावर तिच्या बसचा हॉर्न वाजला, पुन्हा वाजला, आणि बस निघून गेली. राजमती तशीच हात पुढं करून उभी राहिली.

"उद्या नको," अखेर सिद्राम म्हणाला, आणि कागद घेऊन त्यानं तो शर्टाच्या खिशात घातला. "आता जातो."